एमसीआरच्या चपला

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला चपला लिहून दिल्या. हो, लिहूनच दिल्या, गोळ्यांसारख्या! मधुमेह माझ्याकडे मुक्कामाला आला त्याला आता बावीस वर्षं झाली. आमची एकमेकांशी बऱ्यापैकी ओळख आहे असा माझा समज होता. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवायचा, टेकला की मी सांगायचं, अशी तपासणी होती. मी आपली वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, "अहो, सुरू करा ना." तर ते म्हणाले, "काकू, दहा ठिकाणी लावून झालं."

मग सूचनांची यादी मिळाली. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. अंघोळीचं पाणी किती कढत आहे ते पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं. चपलेत पाय घालण्याआधी आत खडा नाही ना, ते हाताने चाचपायचं. रोज रात्री आरसा धरून तळवे तपासायचे. आणि एमसीआरच्या चपला घालायच्या. एमसीआर म्हणजे आत बारीक बारीक बुडबुडे असलेलं मऊ रबर. दुखत नसलेल्या पायावरचा भार ते वाटून घेतं.

मुलाने चपला आणल्या, खोकं उघडलं आणि मी जरा वेळ तशीच बसून राहिले. या चपला मी पूर्वी पाहिल्या होत्या. १९७९ साली, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, एका माणसाच्या पायात.

घरातल्या मंडळींना ही गोष्ट मी कधी सांगितलेली नाही, म्हणून इथे लिहिते. तो माणूस मुलाला पाचवीत घालायला आला होता. हाताची बोटं आत वळलेली. पायरी चढून वर आला नाही, खालीच उभा राहिला. हातात इस्पितळाचा कागद होता. रोग गेला, औषध बंद केलं, असं त्यावर डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं. मुख्याध्यापकांनी तो कागद हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला लावला आणि लांबूनच वाचला. मुलाला तर काहीच नव्हतं. चांगला चुणचुणीत पोरगा. मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. "बाई, तुमच्याच वर्गात बसवावं लागेल. चालेल का तुम्हाला?" मी म्हटलं, "मला काय, पण पालकांचं बघा."

बस्, एवढंच. पालकांनी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या मुलाला प्रवेश मिळाला नाही.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा आता रिकामपणी त्या कागदाचा इतिहास धुंडाळला. डॉक्टर म्हणतात रोग गेला, मग गेला तो नेमका कुठून? आणि राहिला तो कुठे?

आपल्याकडे या रोगाला रक्तपिती म्हणायचे, महारोग म्हणायचे. तो कशाने होतो हे माहीत नव्हतं, त्यामुळे मागच्या जन्मीच्या पापावर भागायचं. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला. माणसाच्या रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी तो एक. पाप गेलं, जंतू आला. ही वैद्यकाने केलेली फार मोठी सुटका होती, हे आधी मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे.

पण याच हॅन्सनची दुसरी गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे सिद्ध करायचं होतं. १८७९ मध्ये त्यांनी बर्गेनच्या इस्पितळातल्या एका बाईच्या डोळ्याला, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश लावलेली सुई टोचली. तिला काही विचारलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. १८८० साली निकाल लागला आणि हॅन्सनना इस्पितळातली जागा सोडावी लागली. (देशाच्या कुष्ठरोग खात्याचे प्रमुख मात्र ते पुढेही राहिले.) जंतूचा शोध लागून सात वर्षं होतात न होतात तोच न्यायालय सांगत होतं की ही बाई म्हणजे रोगाचं भांडं नव्हे, तिला विचारायला हवं होतं! आज ज्याला अपंगांच्या हक्कांची भूमिका म्हणतात, तिचं बीज मला इथे दिसतं.

आता आपल्या देशात येऊ. १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि इंग्रजी जगात एकच घबराट उडाली. हिंदुस्थानात चौकशीसाठी आयोग आला. १८९०-९१ मध्ये देशभर फिरून त्याने निष्कर्ष काढला की हा रोग फार थोडा पसरतो, सक्तीने कोंडून ठेवायचं कारण नाही. पण १८९७ च्या बर्लिनच्या परिषदेने रुग्ण वेगळे ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, आणि १८९८ मध्ये इथे कायदा झालाच. त्यात पोलिसांनी कुणाला पकडायचं? तर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचं साधन नसलेल्या कुष्ठरुग्णाला. बंगल्यातल्या रुग्णाला कुणी हात लावणार नव्हतं. शिवाय सरकारला अधिकार मिळाला की रुग्णांना खाण्याचे पदार्थ विकायला करण्यास, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास मनाई करावी. जंतूला श्रीमंत-गरीब कळत नाही. कायद्याला बरोबर कळत होतं.

इथे मला एक जुना ओळखीचा माणूस भेटला. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कुणालाही पोवाडे म्हटलं की अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम ही जोडी आठवते. १८९१ साली त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणून ते पोवाडे आज आपल्या हाती आहेत. परीक्षेत त्यावर टीप लिहून मी गुणही मिळवले होते. तोच हा अ‍ॅकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता, आणि १८९० मध्ये माटुंग्याला त्याने बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. वडाळ्याचं महापालिकेचं कुष्ठरोग रुग्णालय आजही त्याच्या नावाने आहे. रस्त्यावर कुजत पडलेल्या माणसांना छप्पर मिळालं, जेवण मिळालं, औषधपाणी मिळालं. खरंच मिळालं. पण शहराच्या रस्त्यावरून ती माणसं दिसेनाशी व्हावीत, हाही हेतू होताच. गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडचं ऐकून उतरवून घेणारा हा साहेब. कुंपणाआतल्या माणसांच्या तोंडचंही कुणी उतरवून घेतलं असतं तर आज आपल्याला किती कळलं असतं!

अमेरिकेत ते घडलं. लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल गावी असंच कुंपणाचं इस्पितळ होतं. तिथे स्टॅन्ली स्टाइन नावाचा रुग्ण आला. हा शिकलेला औषधविक्रेता. त्याने १९३१ मध्ये आत बसून रुग्णांचं वर्तमानपत्र सुरू केलं. आपल्याला हिणवणारा शब्द वापरू नका, आम्हाला मत देऊ द्या, आमची पत्रं अडवू नका, या मागण्या तो वर्षानुवर्षं छापत राहिला. पुढे त्याची दृष्टी गेली तरी छापत राहिला. आणि योगायोग असा, की १९४१ मध्ये याच कारव्हिलमध्ये या रोगावरचं पहिलं खरोखर गुणकारी औषध वापरलं गेलं. एकाच कुंपणात डॉक्टर रोगाशी लढत होते आणि रुग्ण कुंपणाशी. दोघांचीही गरज होती.

नंतर डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र द्यायला सांगितलं. आता सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो आणि नाव नोंदवहीतून कमी होतं. डिसेंबर २००५ मध्ये भारतात देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली गेल्याचं जाहीर झालं. (नवे रुग्ण मात्र पुढेही वर्षाला लाखाच्या आसपास सापडत राहिले, जगातल्या निम्म्याहून जास्त.) यात एक मेख आहे. हे प्रमाण मोजताना उपचार चालू असलेले रुग्ण धरतात. उपचार पुरा झाला पण पाय बधिर राहिला, बोटं वळलेली राहिली, तो त्या हिशेबात नाही. डॉक्टरांच्या वहीत गोष्ट संपते तिथून त्याचं उरलेलं आयुष्य सुरू होतं.

त्या आयुष्याकडे लक्ष देणारे डॉक्टर झालेच नाहीत असंही नाही. वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या रोगात बोटं आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हातापायांना भाजतं, कापतं, रुततं आणि माणसाला कळत नाही, म्हणून ती झिजतात. १९४८ पासून त्यांनी वळलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मऊ रबराच्या चपलांचं शास्त्र याच कामातून पुढे आलं. पण हात सरळ झालेल्या काही रुग्णांनी त्यांना जे सांगितलं ते विलक्षण आहे. हात नीट दिसू लागल्यावर भीक मिळेना, आणि या माणसांना काम तर कुणी देत नव्हतं! शेवटी ब्रँडनी त्यांना हस्तव्यवसाय शिकवण्याची सोय केली. उत्तम शस्त्रक्रियासुद्धा इस्पितळाच्या फाटकापाशी येऊन कशी अडते बघा.

१९६६ मध्ये ब्रँड त्याच कारव्हिलला गेले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही हेच सगळं लागू पडतं. म्हणजे माझ्या खोक्यातल्या चपला कुष्ठरुग्णांच्या पायांवरून शिकून माझ्यापर्यंत आल्या आहेत. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आपल्या विदर्भात काही माणसांनी फाटकाबाहेरचा विचार आधीच केला होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये आनंदवन वसवलं. हॅन्सनने दुसऱ्याला न विचारता सुई टोचली होती. बाबांनी संशोधनासाठी जंतू टोचून घ्यायला स्वतःचं शरीर पुढे केलं. त्यांनी रुग्णांच्या हाती कुदळ-फावडं दिलं. विहीर खणली, शेती केली. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक तिथली भाजी घेईनात. पुढे १९६४ मध्ये आनंदवनाच्या आवारात महाविद्यालय निघालं आणि त्याच गावची पोरं तिथे शिकायला जाऊ लागली. १९६४! त्यानंतर पंधरा वर्षांनी आमच्या शाळेने एका निरोगी मुलाला दारातून परत पाठवलं.

तरीही एक शंका मनात येते, आणि ती मोठ्या आदराने लिहिते. या माणसांना वेगळं गाव का वसवावं लागलं? आनंदवनात काही कमी होतं म्हणून मी हे विचारत नाही. कमी होतं ते आमच्या गावात.

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये पॉल हंट या माणसाने विचारला. त्याला स्नायूंचा आजार होता, चाकाच्या खुर्चीत असायचा, आणि तरुणपणची बरीच वर्षं त्याने अपंगांच्या वसतिगृहात काढली. १९७२ मध्ये त्याने एका वृत्तपत्राला पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. त्यातून जी संघटना झाली तिने १९७६ मध्ये एक साधी फोड केली. शरीरातलं उणेपण ही एक गोष्ट. त्या माणसाला समाजाबाहेर ठेवणं ही दुसरी गोष्ट, आणि खरं अपंगत्व म्हणजे ही दुसरी. माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला सामाजिक प्रारूप असं नाव दिलं. डॉक्टर म्हणतात, दोष शरीरात आहे, तो दुरुस्त करू. हे म्हणाले, पायऱ्या तुम्ही बांधल्यात, त्या दुरुस्त करा.

आपल्या कायद्यांत अशा पायऱ्या भरपूर होत्या. १८९८ चा कायदा केंद्राच्या पुस्तकातून पुसला गेला २०१६ मध्ये. हिंदू विवाह कायद्यात आणि इतर धर्मीयांच्या कायद्यांतही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये काढलं. म्हणजे १९८२ ची औषधं येऊन सदतीस वर्षं होईपर्यंत, सहा-बारा महिन्यांत बरा होणारा रोग संसार मोडायला पुरेसा होता! ओरिसाच्या नगरपालिका कायद्यातलं कुष्ठरुग्णाला निवडणुकीस अपात्र ठरवणारं कलम तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवलं. त्यात बदल करायचा की नाही हे विधिमंडळाने बघावं, असं झालं. जपाननेही कोंडून ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत चालवला, आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य होता असा निकाल दिला. ते खटले लढणारे स्वतः रुग्णच होते, आयुष्यभर आत राहून म्हातारे झालेले.

इथवर वाचताना मी पूर्णपणे हंटच्या बाजूची झाले होते. पण रात्री आरसा घेऊन तळवे बघायला बसले आणि थबकले. उद्या सगळा समाज सुधारला, एकूण एक कायदा सुधारला, तरी माझ्या पायाला खडा कळणार आहे का? नाही. ते कुणी बाहेरच्याने केलेलं नाही.

हीच तक्रार कॅनडातल्या सुझन वेन्डेल या प्राध्यापिकेने मांडली आहे. त्यांना स्वतःला शक्ती खाऊन टाकणारा दीर्घ आजार आहे. २००१ मधल्या लेखात त्या म्हणतात की अपंगांच्या चळवळीने 'आम्ही आजारी नाही' असं सांगता सांगता आजारी अपंगांना मागे ठेवलं. ज्याची प्रकृती स्थिर आहे त्याला उतार बांधून दिला की तो कामावर जाईल. पण ज्याला आज ताप, उद्या थकवा, परवा वेदना, त्याला उतारही हवा आणि डॉक्टरही हवा.

आपल्या कायद्यात हा पेच स्पष्ट दिसतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत एक 'कुष्ठमुक्त'. म्हणजे आधी बरे व्हा, मग अपंग म्हणून हक्क मागा. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन असे दीर्घ आजार त्यात आले. व्याख्येतही समाजाचे अडथळे आले. पण दाराशी पुन्हा डॉक्टरच. चाळीस टक्क्यांचा दाखला आणा! आमच्या विदर्भात सिकलसेलची मुलं खूप. दुखणं उठलं की हाडं फोडल्यासारखा ठणका लागतो, आणि पंधरा दिवसांनी तोच मुलगा क्रिकेट खेळताना दिसतो. त्याचे टक्के कुठल्या दिवशी मोजायचे? शिवाय सरकारी नोकरीतल्या राखीव जागांच्या यादीत रक्ताचे हे आजार धरलेलेच नाहीत.

असो. मी काही डॉक्टर नाही की वकील नाही. मला कळलं ते एवढंच. त्या माणसाचा पाय आणि माझा पाय आज अगदी एकसारखे आहेत. तीच बधिरता, तीच आरशाची शिस्त, तीच चप्पल. त्याचा रोग तर गेला होता, माझा जायचा नाही. तरी मला कुणी विहिरीवरून हाकललं नाही. माझा संसार मोडायला कायद्यात कलम नव्हतं. माझी नातवंडं शाळेत जातात, प्रवेश घेताना आजीची साखर कुणी विचारत नाही. पायातलं जे दुःख आहे ते डॉक्टर बघतील. बाकीचं सगळं आम्ही त्याच्यावर घातलं होतं, आणि तेवढं तरी आमच्या हातात होतं.

परवा देवळात गेले होते. नव्या चपला बाहेर काढायला डॉक्टरांची मनाई, म्हणून पायरीखालीच उभं राहून नमस्कार केला. पुजारी आतून म्हणाले, "या ना बाई, चपलेसकट या, तुमच्या पायाचं मला माहीत आहे."

१९७९ मध्ये मलाही एवढंच म्हणायचं होतं. तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. कुठे शिकला, शिकला की नाही, मला माहीत नाही.